हरभऱ्याचा वॉर्डन

देवळात जातपात असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिरजाघरात ती नसते असं गिरजाघरातले लोक सांगतात. सांगताना बाकांकडे बघत नाहीत, एवढंच.

सदर बाजाराच्या मागं चिंचांच्या सावलीत एक दगडी चर्च होतं. लोक त्याला चिंचेचं चर्चच म्हणत. त्यातले पुढचे चार बाक रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन घरांचे. त्यांच्या मागं वामनराव हेडमास्तरांचं खटलं. वामनरावांच्या पणजोबांनी जानवं काढून बाप्तिस्मा घेतला त्याला नव्वद वर्षं झाली होती. जानवं गेलं, जानव्याची खाज तेवढी राहिली. त्यांच्या मागं लोकोशेडातले तेलुगू लोक, मग ड्यूटीप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्या केरळच्या नर्सबाया. आणि सगळ्यांच्या मागं, दाराच्या झळा खात, वस्तीचे लोक. म्हणजे गावकुसाबाहेरून येशूकडं आलेले. प्रभुभोजनाचा प्याला याच क्रमानं फिरायचा. वस्तीच्या ओठांना लागेस्तोवर त्यात द्राक्षरस कमी आणि पुढच्या बाकांच्या मिशा जास्त.

देवराव वस्तीतला, पण त्याला शेवटचा बाकही नव्हता. त्याची जागा पडद्यामागं. या चर्चला विलायतेहून आणलेला भिंतीएवढा मोठा बाजा होता, सगळा नळ्यानळ्यांचा. पहिल्या बाकावरच्या पर्सी साहेबांची बहीण मिस डॉली त्याच्या पट्ट्या दाबायची. पण नुसत्या पट्ट्या दाबून असला बाजा वाजत नाही, त्याला आतून वारा लागतो. तो वारा भरायला मागं लोहाराकडं असतो तसा, पण चौपट मोठा चामड्याचा भाता होता, आणि त्याला पुरुषभर लाकडी दांडा. आठवडाभर कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, सांभाळायचे आणि रविवारी पडद्यामागं उभं राहून हा दांडा खालीवर करायचा, असं देवरावचं एकवीस वर्षं चाललं होतं. एवढ्या वर्षांत त्यानं प्रवचनं सगळी ऐकली. पाहिलं एकही नव्हतं.

त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत त्याच्या गोपिकेचं लग्न ठरलं. मुलगा कामठीचा, पोस्टात. तारीख ईस्टरनंतरच्या शनिवारची. आणि इथूनच देवरावच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

चिंचेच्या चर्चमध्ये लग्नं दोन तऱ्हेची लागत. बाकवाल्यांची पोर मधल्या दारातून यायची, बापाचा हात धरून, मोठा बाजा घुमत असताना. वस्तीचं लग्न बाजूच्या खोलीत, आडवारी दुपारी, पेटीवर. नियम कुठं लिहिलेला नव्हता. मधल्या दाराची आणि बाज्याची किल्ली वॉर्डनकडं असे, आणि ती वस्तीसाठी कधी सापडत नसे, बस. वॉर्डन म्हणजे पाद्रीच्या खालोखाल चर्चचा कारभारी. चौदा वर्षं पर्सी साहेब होते, त्याच्या आधी पर्सी साहेबांचे काका.

देवराव त्यांच्या बंगल्यावर गेला. पर्सी साहेब रेल्वेत गार्ड होऊन रिटायर झालेले, व्हरांड्यात आरामखुर्चीत पाय लांब करून पडले होते.

"ऑर्गन?" ते म्हणाले. "देवराव, थोडा दिमाग लगाओ. तुम लड़की का हाथ पकड़ के बीच में से चलेगा, तो पीछे हवा कौन मारेगा? तुम्हारा भूत?"

घरातली सगळी हसली. मिस डॉलीनंही चहाचा कप खाली ठेवून हसून घेतलं. देवराव पण हसला. असल्या व्हरांड्यात उभं राहिलं की आपल्यावरच्या विनोदाला आपणच पहिले हसायचं असतं, हे माणूस लवकर शिकतो.

घरी सत्यवतीनं सगळं ऐकून घेतलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"तुमी हासले काहून?"

"साहेब हासले म्हणून."

"थो हासला आपल्या गमतीले. तुमाले कोनती गंमत वाटली?"

देवरावनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मी आत्ताच सांगून ठेवतो," सत्यवती म्हणाली. वऱ्हाडातली बाई पुरुषासारखंच 'सांगतो', 'जातो' बोलते. "पोरीचं लगन त्या बाजूच्या खोलीत लावाचं असन तर माह्याबिगर लावा. कामठीवाले इचारतीन, मोठा बाजा काहून नाई? काय सांगू? पोरीच्या बापानं एकवीस वर्सं दुसऱ्याइच्या लग्नात वारा भरला, आन् सोताच्या पोरीच्या वक्ती वारा सरला?"

त्याच महिन्यात जुने पाद्री रिटायर झाले आणि नवा कोण यावर रण पेटलं. दोन वर्षांपूर्वी निरनिराळ्या मिशनांची चर्चं एक झाली होती. कागदावर. पुढच्या बाकांना इंग्रजी बोलणारा पाद्री पाहिजे होता, वामनरावांना घरंदाज मराठी, लोकोशेडाला तेलुगू. बिशपसाहेबांकडं अर्जांचा एवढा ढीग पडला की त्यांनी वैतागून कुणीच न मागितलेला माणूस पाठवला. रेव्हरंड सुलेमान होरो. रांचीकडचा मुंडा आदिवासी, बुटका, काळाकुट्ट, फुटबॉल खेळून पायाच्या पोटऱ्या लोढण्यासारख्या झालेल्या. बाकवाल्यांनी पहिल्या रविवारी त्याला पाहिलं आणि एका मिनिटात तिन्ही भाषांत एकमत झालं. चर्चच्या इतिहासातली ती पहिली एकी.

त्याच दिवशी उपासना संपल्यावर होरो पाद्री पडदा बाजूला सारून आत आला.

"आप कौन?"

"भातावाला, साहेब."

"बैठते कहाँ हैं?"

देवरावनं पालथा घातलेला देवदारी खोका दाखवला. पाद्री त्यावर बसला, उठला, दांडा धरून दोन-चार वेळा खालीवर केला आणि धापा टाकायला लागला.

"कितने साल से?"

"इक्कीस."

"और ये चर्च अभी तक आपको बैठने का बेंच नहीं दिया," पाद्री म्हणाला. देवरावनं खोका पायानं भिंतीकडं सारला.

फेब्रुवारीत वार्षिक सभा. दरवर्षी पाद्री पर्सी साहेबांचं नाव वाचायचा आणि लोक आमेन म्हणायचे, की झाली निवडणूक. होरो म्हणाला, यंदा मतं पडतील. अर्ध्या लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून मिशनच्या जुन्या काळातली दाण्यांची पद्धत त्यानं काढली. पडद्याआड एकेका उमेदवाराचा डबा, डब्यावर त्याची ओळखीची वस्तू, आत दाणा टाकायचा. फक्त एक नवीन कलम त्यानं लावलं. प्रत्येकाला दोन दाणे, एक तुरीचा, एक हरभऱ्याचा, मोजणीत दोन्ही सारखेच. तूर ज्याच्यावर मन असेल त्याला. आणि हरभरा अशा माणसाला, ज्याच्या घरी आपण आजवर कधी जेवलो नाही.

"प्रेम बढ़ेगा," पाद्री म्हणाला. त्याचे डोळे तेव्हा हसत होते की काय, यावर पुढं बरीच चर्चा झाली.

पर्सी साहेब उभे राहिले. वामनराव उभे राहिले. लोकोशेडाचा फोरमन येसुदानम उभा राहिला. आणि मग एकेक जण पडद्यामागं देवरावकडं यायला लागला.

पहिले पर्सी साहेब. वस्तीची मतं वामनरावांना जातील ही त्यांना धास्ती. "देवराव, तुम भी खड़ा हो जाओ. बस नाम के वास्ते."

"अन् पोरीच्या लग्नाचं, साहेब?"

"बीच का दरवाज़ा, ऑर्गन, सब देगा. जेंटलमन का वर्ड."

दोन दिवसांनी वामनराव. वस्तीतली गिरणीची पोरं लोकोशेडाच्या युनियनकडं झुकतील ही त्यांची भीती. खोक्यावर रुमाल अंथरून बसले. "देवराव, लोकशाहीत उपेक्षितांचाही उमेदवार असावा, असं माझं प्रांजळ मत आहे."

"लगन मधल्या दारातून होईन ना, गुरुजी?"

"अर्थात. माझा शब्द हा शब्द असतो."

शेवटी येसुदानम. तो आडपडदा न ठेवता बोलला. "देखो देवराव, तुम खड़ा हुआ तो हेडमास्तर का वोट कटता. हेडमास्तर कटा तो मैं आया. मैं आया तो तुम्हारा बेटी का शादी में बाजा. सीधा हिसाब."

देवराव तिघांनाही हो म्हणाला. तिघांकडूनही त्यानं भात्याच्या दांड्यावर हात ठेवून वचन घेतलं, हा या चर्चचा जुना रिवाज आहे असं दडपून सांगून. असा काही रिवाज नव्हता. त्यानं तो त्याच आठवड्यात काढला होता.

"कोनीबी येवो," घरी येऊन तो म्हणाला, "दार उघडलंच समज."

"अन् तुमी आले तं?" गोपिकेनं विचारलं.

"मले कोन मत देते वं पोरी. मी खोक्यावरचा."

रविवारी डबे मांडले. एकावर पर्सी साहेबांची साहेबी सोला टोपी, एकावर वामनरावांचं चष्म्याचं घर, एकावर येसुदानमची शिट्टी. चौथ्यावर देवरावचा खांद्यावरचा दुपट्टा. लोक एकेक करून आत जाऊन आले. तुरीचा प्रश्नच नव्हता, ती ज्याची त्यानं घरूनच ठरवून आणली होती. घोटाळा हरभऱ्याचा. पर्सी साहेबांचा माणूस विचार करायचा, हा दाणा हेडमास्तरला दिला तर तो वर जाईल, फोरमनला दिला तर तो वर जाईल. हेडमास्तरचा माणूस तसंच, फोरमनचा माणूस तसंच. म्हणजे हरभरा असा टाकायला पाहिजे की कुणाचंच भलं होऊ नये. आणि डोळ्यासमोर होता दुपट्टा. देवरावच्या घरी कधी जेवलो का? छे, वस्तीत कोण जेवतं? कलमही पाळलं गेलं, दाणाही फुकट गेला. प्रत्येकाला वाटलं, ही शक्कल फक्त आपल्यालाच सुचली. बायकोलासुद्धा सांगितली नाही.

मोजणी वेदीसमोर, सगळ्यांदेखत झाली. होरो पाद्री मांडी घालून जमिनीवर बसला आणि त्यानं दाणे परातीत ओतले. तुरी: वामनराव चव्वेचाळीस, येसुदानम अडतीस, पर्सी एकतीस. देवराव सहा. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग पाद्रीनं हरभरे मोजायला घेतले. वामनरावांचे सहा. पर्सी साहेबांचे नऊ. येसुदानमचे अकरा. चौथा डबा उपडा केला तेव्हा परातीत जो आवाज झाला, तो ऐकून मिस डॉलीनं छातीवर हात ठेवला. त्र्याण्णव.

एकूण नव्व्याण्णव. दुसरा नंबर वामनराव, पन्नास.

सगळे एकमेकांकडं असे पाहत होते, जसं एकाच घरात चोरीला आलेले चार चोर एकमेकांना पाहतात.

उपासनेनंतर देवराव आणि पाद्री बाजूच्या खोलीत होते, तिथं तिघंही आले. तिघंही अगदी गोड.

"देवराव, हा निकाल तांत्रिक आहे," वामनराव म्हणाले. "लोकांच्या खऱ्या भावना तुरीत आहेत."

"जोक हो गया, अच्छा जोक," पर्सी साहेब म्हणाले. "अब विदड्रॉ करो. तुम्हारा शादी का मैं देखता."

येसुदानम हसत होता, पण तोही म्हणालाच, "तुम वॉर्डन बनेगा तो भाता कौन मारेगा?"

देवराव त्यांच्याकडं पाहतच नव्हता. त्याच्या मुठीत स्वतःच्या डब्यातल्या सहा तुरी होत्या.

"साहेब," तो पाद्रीला म्हणाला, "तीन तं आमच्या घरच्याच हायेत. म्हणजे भायेरच्या तीन. वस्तीनंबी मले तूर नाई देल्ली. हेडमास्तराइच्या शाळेत लेकरं हायेत सगळ्याइची. हे हरभरे म्हणजे लोकाइनं फेकलेले दाने. ह्याच्यावर मी कसा बसू?"

वामनरावांनी हळूच मान हलवली. 'समजूतदार माणूस' म्हणावं, अशी.

होरो पाद्री टेबलावर चढून बसला होता, पाय लोंबकळत. "सुनो," तो म्हणाला. "मुझे यहाँ किसने माँगा था? साहब लोगों ने? हेडमास्टर जी ने? फोरमन ने? बिशप के दफ़्तर में सबकी चिट्ठियाँ पढ़कर आया हूँ. एक में भी मेरा नाम नहीं था. मैं भी सबका हरभरा हूँ, देवराव. पहले महीने बहुत बुरा लगा. फिर सोचा, आ गया तो आ गया, अब ये लोग भुगतें." सभेआधीच पर्सी साहेबांकडून मागून घेतलेला किल्ल्यांचा जुडगा त्यानं झग्याच्या खिशातून काढला. "लो. या वापस कर दो. मगर गिनती सब लोगों के सामने हुई है."

देवरावनं तिघांकडं पाहिलं. तिघांच्याही चेहऱ्यावर एकच खात्री होती, की हा गडी किल्ली परत करणार. ती खात्री बघून त्याला व्हरांड्यातलं आपलं हसू आठवलं आणि कानशिलं तापली. त्यानं जुडगा घेतला आणि कमरेला खोसला.

दुसऱ्याच दिवशी चर्चच्या दारावर कागद लागला, गोपिकेच्या अक्षरात. भात्याची पाळी. पहिला रविवार पुढचे बाक, दुसरा वामनरावांचे बाक, तिसरा तेलुगू बाक, चौथा वस्ती. पाळी बाकाची आहे, बाकावरच्यानंच करायची. खाली सही, देवराव, वॉर्डन.

लोकांनी त्याला हरभऱ्याचा वॉर्डन म्हणायला सुरुवात केली. बिचाऱ्याला पाद्रीनं हरभऱ्याच्याच झाडावर चढवलंय, असंही म्हणाले. देवराव म्हणायचा, झाड असो की भाता, पाळी कोनाची हाये थे बोला.

पहिल्या रविवारी देवराव कडक धोतर नेसून आला आणि सत्यवतीसकट थेट पहिल्या बाकावर, पर्सी साहेबांना लागून बसला. पडद्यामागं कुणी गेलं नाही. मिस डॉलीनं पट्ट्या दाबल्या. टकटक असा लाकडाचा आवाज आला, टायपिंगसारखा. तिनं पुन्हा दाबल्या. सगळं चर्च देवरावकडं पाहायला लागलं. त्याचे खांदे आपोआप उचलले जात होते. सत्यवतीनं त्याच्या सदऱ्याचा कोपरा मुठीत घट्ट धरला होता.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "पाळी तुमची."

पर्सी साहेब छताकडं पाहत राहिले. शेवटी लोकांनी बाज्याशिवायच गाणं म्हटलं. तेलुगू बाक दोन ओळी पुढं, वस्ती दोन ओळी मागं, आणि पुढचे बाक तिसऱ्याच कुठल्या तरी सुरात. होरो पाद्री तोंडावर पुस्तक धरून हसत होता.

दुसऱ्या रविवारी वामनरावांनी शाळेचा चपराशी बळीराम पाठवला. तो वस्तीचाच. देवरावनं त्याला पडद्यापाशी अडवलं. "बळीराम, तू बसतं कुठं?"

"दारापाशी."

"मंग दारापाशी जाऊन बस गा. पाळी बाकाची हाये, शाळेची नाई." बाजा त्याही रविवारी मुकाच राहिला. मिस डॉली तीस वर्षांत पहिल्यांदा चर्चमध्ये रडली आणि घरी जाऊन भावाशी बोलेनाशी झाली.

तिसऱ्या रविवारी येसुदानम कोट काढून आत गेला. त्याला काही उपरती झाली नव्हती. यंत्र बंद पडलेलं त्याच्यानं बघवेना, एवढंच. त्यानं इंजिनात कोळसा मारावा तसा वारा भरला. बाजा असा गरजला की चिंचेवरचे कावळे उडाले. तेलुगू बाक ताठ बसले. बाहेर पडताना येसुदानमची बायको मोठ्यानं म्हणाली की या चर्चला आता दम कुणाचा आहे, ते दिसलं.

मग काय. पुढच्या पाळीला पर्सी साहेब बाह्या सारून हजर, बहिणीच्या भीतीनं म्हणा की तेलुगू वाऱ्याच्या मत्सरानं. त्यांच्यानंतर वामनराव. चांगुलपणानं कुणी वाकलं नाही. जळून वाकले. पण दांडा धरायला वाकावंच लागतं, त्याला कारण विचारायची सवय नाही.

ईस्टर झाला आणि तो शनिवार आला. शनिवार पाळीत बसत नव्हता. देवरावनं तिघांनाही निरोप धाडला, तुमचा शब्द होता. बाज्याचा शब्द म्हणजे वाऱ्याचा शब्द. बिनवाऱ्याचा बाजा हे नुसतं फर्निचर.

तिघंही आले. सुटाबुटात. एकालाही दुसऱ्यावर सोडून बाकावर बसवेना, म्हणून तिघंही पडद्यामागं शिरले.

मधलं दार उघडलं. गोपिका पांढऱ्या साडीत, हातात मोगरा, आणि देवराव तिच्या बाजूला, नव्या कोटात अवघडलेला. कामठीवाले पुढच्या बाकांवर पसरले होते, वस्तीही जागा मिळेल तिथं मिसळून बसली होती. मिस डॉलीनं सुरुवात केली. बाजा घुमला, पाच-सात पावलं चांगला चालला, मग घोड्यासारखा उधळला, मग दमेकऱ्यासारखा खोकला आणि बसला. पडद्यामागून आवाज यायला लागले.

"अरे छोड़ो, तुम लोगों को रिदम नहीं मालूम."

"पर्सी साहेब, माझा पाय. माझ्या पायावर उभे आहात आपण."

"हेडमास्तर, तुम हटो रे बाबा, बॉयलर फटेगा."

देवराव रस्त्याच्या मध्यावर थांबला. त्याचा उजवा हात कोपरातून वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. पडदा तिथून पंधरा पावलं होता. पंधरा पावलं गेलं असतं तर बाजा सरळ झाला असता, आणि त्याची पावलं त्या बाजूला वळलीही.

"बाबा," गोपिका ओठ न हलवता म्हणाली, "तिकडं गेले तं मी एकटी जातो पुढं."

देवरावनं हात खाली घेतला. मग तिथंच उभं राहून, गिरणीत साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय असलेल्या आवाजात तो म्हणाला, "येसुदानम, दांडा तुमी धरा. पर्सी साहेब, तुमी फकस्त मोजा, एक-दोन, एक-दोन. हेडमास्तर, तुमी भायेर या, कोट फाटन."

चर्च हसलं, पहिल्या बाकापासून दारापर्यंत. वामनराव पडदा सारून बाहेर आले, केसांत कोळ्याची जाळी. त्यांचा बाक कामठीवाल्यांनी भरला होता. थोडं इकडंतिकडं पाहून ते दारापाशी गेले. वस्तीतल्या कांताबाईनं लेकराला मांडीवर ओढून घेतलं आणि त्यांना टेकण्यापुरती जागा झाली.

बाजा पुन्हा लागला. एक-दोन, एक-दोन, पर्सी साहेबांचं मोजणंही त्यात ऐकू येत होतं. देवराव चालायला लागला. आता तो भराभर चालला, जसा पाळी सुटल्यावर माणूस गिरणीतून निघतो तसा, आणि गोपिकेला साडी सावरत त्याच्या बरोबर यावं लागलं. वेदीपाशी पोचले तेव्हा बाज्याचं अर्धं गाणं बाकी होतं.

होरो पाद्रीनं पुस्तक उघडलं. "इतनी जल्दी?" तो हळूच म्हणाला. "शुरू करूँ?"

"थांबा, साहेब," देवराव म्हणाला. "अजून दोन कडवे हायेत. होऊ द्या पुरे."

आणि बापलेक तिथंच उभे राहून ऐकत राहिले.